टी.सी. निघाली, खेळ अडकला

दिवाळीची सुट्टी संपली की खान्देशातल्या कॉलेजांच्या जिमखान्यात दोन कामं एकदम अंगावर येतात. विद्यापीठाच्या संघात निवडलेल्या पोरापोरींचा सराव सुरू होतो आणि त्याच वेळी कोणीतरी कॉलेज सोडून चाललंय म्हणून टी.सी.साठी अर्ज येतो. हे दोन्ही कागद एकाच खेळाडूचे निघाले की क्रीडा संचालकांच्या टेबलावर पेच पडतो. या पेचात बहुतेक वेळा खेळाडू हरतो, आणि का हरला हेही त्याला कोणी धड सांगत नाही.

आधी नियम. देशातल्या आंतरविद्यापीठ स्पर्धा असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज घेते; मैदानावर सगळे तिला ए.आय.यू. म्हणतात. तिच्या अटी सरळ आहेत. खेळाडू पूर्णवेळ, नियमित विद्यार्थी हवा. अभ्यासक्रम किमान एक वर्षाचा हवा. 1 जुलैला वय 17 ते 25 च्या आत हवं. बारावी होऊन आठ वर्षांपेक्षा जास्त काळ लोटलेला नको. पूर्णवेळ नोकरी करणारा चालत नाही, तात्पुरता प्रवेश चालत नाही. आणि एका शैक्षणिक वर्षात एका खेळाडूने एकाच विद्यापीठाकडून खेळायचं.

शेवटच्या अटीत 'शैक्षणिक वर्ष' आहे, हे नीट बघा. नोव्हेंबरमध्ये जळगावच्या विद्यापीठाची जर्सी घालून आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या पश्चिम विभागात एक सामना खेळलेला मुलगा जानेवारीत दुसऱ्या विद्यापीठात गेला, तर त्याच्यासाठी पुढचा सामना थेट नव्या वर्षात. मधले महिने त्याने नुसता सराव करायचा.

हा नियम मला मान्य आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको.

विद्यापीठांमध्ये खेळाडूंची ओढाओढ नवी नाही. खेळात सर्वोत्तम ठरणाऱ्या विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद करंडक 1956-57 पासून दिला जातो. पटियाळा, अमृतसर, चंदीगड इथल्या विद्यापीठांनी तो वर्षानुवर्षं आपल्याकडे ठेवला, कारण तिथे खेळाडूंसाठी वसतिगृह, खुराक, प्रशिक्षक अशी पूर्ण व्यवस्था होती. 2020 मध्ये भुवनेश्वरला खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा सुरू झाल्या आणि या ओढाओढीला आणखी जोर आला. आंतरविद्यापीठ स्पर्धेत वरच्या आठात आलं की तिकडचं दार उघडतं. आता खासगी विद्यापीठंही उतरली आहेत. फी माफ, राहणं फुकट, बूट-किट हातात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचं. 15 ऑगस्ट 1990 ला ते स्थापन झालं. त्याआधी इथली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. एवढ्या लहान विद्यापीठाने एखादा धावपटू चार वर्षं घडवावा आणि विभागीय स्पर्धेत तो चमकताच अखिल भारतीय स्पर्धेआधी कोणी तरी त्याला उचलून न्यावं, असं मोकळं रान असतं तर सगळ्यात आधी नुकसान आपलं झालं असतं. 'एक वर्ष, एक विद्यापीठ' ही अट आपल्यासारख्यांची ढाल आहे.

अमेरिकेत ही ढाल कशी झिजली ते बघण्यासारखं आहे. तिथल्या कॉलेज खेळांची संघटना एन.सी.ए.ए. कॉलेज बदललेल्या खेळाडूला कितीतरी वर्षं एक वर्ष घरी बसवत असे. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये बदलीसाठी ऑनलाइन यादी सुरू झाली. 2021 मध्ये एकदा बदल करायला मोकळीक मिळाली. 2023 च्या डिसेंबरमध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यायालयाने दुसऱ्यांदा कॉलेज बदलणाऱ्यांवरची बंदी रोखली आणि 2024 च्या एप्रिलमध्ये संघटनेने हात टेकले: अभ्यासात पास असाल तर कितीही वेळा कॉलेज बदला, लगेच खेळा. तिथे आता दर मोसमाला संघात बरेच खेळाडू नवे असतात आणि प्रशिक्षकांचा बराच वेळ माणसं सांभाळण्यात जातो. तरीही एक कुंपण त्यांनी मोडलेलं नाही. एकाच मोसमात एकच खेळ दोन कॉलेजांकडून खेळता येत नाही. एवढं मोकळं झालेल्या देशालाही हे कुंपण लागतं, ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय.

मग माझं भांडण कशाशी आहे? नियम माणूस का गेला हे विचारत नाही, याच्याशी. पात्रतेच्या फॉर्मवर फोटो असतो, आईचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, बारावीचं वर्ष, प्रवेशाची तारीख, प्राचार्यांची सही, कॉलेजचा शिक्का. कॉलेज का सोडलं, याला त्यात जागा नसते. पळवून नेलेला आणि परिस्थितीने उचलून नेलेला, दोघं त्या कागदावर सारखेच दिसतात.

खान्देशात वर्षाच्या मध्ये कॉलेज सोडणारे खेळाडू कोण असतात, ते मैदानावर रोज उभं राहणाऱ्याला विचारा. बड्या विद्यापीठाने बोलावलं म्हणून जाणारे थोडे. बाकीच्यांची कारणं घरातली असतात.

सगळ्यात मोठं कारण लग्न.

तुळशीची लग्नं लागली की आपल्याकडे मुलींची लग्नं निघतात. नोव्हेंबरचा शेवट, डिसेंबर, मग फेब्रुवारी. आंतरविद्यापीठ स्पर्धांचा भरही याच महिन्यांत. साक्री, शिरपूर, पारोळा, चोपडा, कुठलाही तालुका घ्या. टी.वाय.ला असलेली, खो-खोत दोन-अडीच मिनिटं एकटी तग धरणारी मुलगी. संघ तिच्या भरवशावर बांधलेला. दिवाळीनंतर सरावाला ती येत नाही. आठवड्याने वडील जिमखान्यात येतात, टोपी हातात घेऊन उभे राहतात. "सर, पोर नाशिकले दिधी." सर अभिनंदन करतात, चहा मागवतात आणि संघाच्या यादीतलं एक नाव पेन्सिलीने खोडतात.

सासर चांगलं असेल तर मुलगी पुढे शिकते. अशी सासरं आता पुष्कळ आहेत आणि त्यांचं कौतुक केलंच पाहिजे. नवरा स्वतः फॉर्म भरतो, नाशिकच्या कॉलेजात प्रवेश घेऊन देतो, सकाळी मैदानावरही सोडतो. पण नाशिक सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात येतं. जळगावकडून ती त्या वर्षी एक सामना खेळली असेल तर पुण्याकडून तिला खेळता येणार नाही. जळगावकडूनही नाही, कारण तिथून टी.सी. निघाली. पदवीचं शेवटचं वर्ष, खेळ ऐन भरात, आणि ती दोन्हीकडून बाद. नवऱ्याची हरकत नाही, सासूची हरकत नाही, हरकत फक्त कागदाची.

त्यात नावाचा घोळ. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, विद्यापीठाच्या नोंदणी क्रमांकावर म्हणजे पीआरएनवर माहेरचं नाव आणि लग्नानंतर हौसेने बदलून आणलेल्या आधार कार्डावर सासरचं. पडताळणीच्या टेबलावर नाव जुळत नाही म्हणून फॉर्म मागे येतो. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा, राजपत्रातली नोंद आणा, प्राचार्यांचं पत्र आणा. स्पर्धा परवावर असते. खेळणाऱ्या मुलींना माझं सांगणं आहे: शिक्षण संपेपर्यंत आधारवरचं नाव बदलू नका. आणि आईबापांना हात जोडून विनंती: मुलगी विद्यापीठाकडून खेळत असेल तर मुहूर्त मार्चनंतरचा काढा. मुहूर्त एप्रिल-मेमध्येही निघतात. तिचा मोसम पुन्हा येत नाही.

दुसरं कारण पोटाचं. धुळे-नंदुरबारकडून सुरतेला माणसं जातात ती पिढ्यान्‌पिढ्या. नवापूर ओलांडलं की गुजरात. कापसाचं साल बसलं, विहीर आटली किंवा बापाला लूमवर काम मिळालं की घर हलतं, आणि घराबरोबर एस.वाय.ला असलेला कबड्डीपटूही. यावल-रावेरकडचे तसेच इंदूर-बऱ्हाणपूरला जातात. राज्य बदललं, विद्यापीठ बदललं, भाषा बदलली. हा मुलगा कोणत्या पदकासाठी पळाला, सांगा बरं.

तिसरं कारण भरती. पहाटे पाचला जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठाने धावणाऱ्या किंवा धुळ्याच्या गरुड मैदानावर गोळा फेकणाऱ्या मुलांपैकी अनेकांचं लक्ष पोलीस भरतीवर, अग्निवीरवर असतं. धुळ्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 6 आहे. तिथला गणवेश रोज दिसत असतो. नोकरी लागली की ए.आय.यू.च्या अटीप्रमाणे तो बाद, आणि ते बरोबरच आहे. पूर्णवेळ नोकरदाराने विद्यार्थ्यांत खेळू नये. फक्त नोकरी मिळेपर्यंत त्याचा खेळ तुटू नये, एवढंच. कारण शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे आणि तिथे प्रत्येक प्रमाणपत्राची तारीख, स्पर्धेचा दर्जा, संघाचं नाव तपासलं जातं. एक वर्ष रिकामं गेलं तर त्या फाइलीत एक पान कमी होतं.

आणि चौथं कारण, ज्याबद्दल जिमखान्यात दबक्या आवाजात बोलतात. प्रशिक्षकाचा त्रास. 2023 मध्ये देशाच्या नामवंत महिला कुस्तीपटू छळाच्या तक्रारी घेऊन जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. पण ऑलिंपिकपर्यंत पोचलेल्या मुलींना न्यायासाठी रस्त्यावर बसावं लागत असेल तर तालुक्याच्या कॉलेजातली मुलगी काय करणार? ती गप्प कॉलेज सोडते. घरी सांगते की बस परवडत नाही, तास होत नाहीत. दुसऱ्या विद्यापीठाच्या कॉलेजात नाव घालते आणि तिथे नियम तिला सांगतो, तू या वर्षी खेळू शकत नाहीस. ज्याच्यामुळे तिने कॉलेज सोडलं तो संघाबरोबर स्पर्धेला जातो, ती घरी बसते. कॉलेजांमध्ये अंतर्गत तक्रार समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे. त्या समितीसमोर तक्रार दाखल असेल तर मुलीची पात्रता आपोआप नव्या जागी गेली पाहिजे, निकालाची वाट न बघता. यात मला कसलीही तडजोड दिसत नाही.

आता नियमांमधली एक विसंगती बघा. नव्या शैक्षणिक धोरणाने श्रेयांकांची बँक काढली. विद्यार्थ्याने एका विद्यापीठात मिळवलेले क्रेडिट दुसऱ्या विद्यापीठात जमा होतात. मधेच शिकणं थांबवा, पुन्हा या, दुसरीकडे जा, सगळं चालतं. 2024 च्या जूनमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना वर्षातून दोनदा, जुलै-ऑगस्टमध्ये आणि जानेवारी-फेब्रुवारीत, प्रवेश द्यायची परवानगी दिली. म्हणजे अर्थशास्त्राचा पेपर जानेवारीत जळगावहून पुण्याला जाऊ शकतो. भालाफेक जाऊ शकत नाही.

जानेवारीत नव्याने प्रवेश घेतलेल्याचं शैक्षणिक वर्ष कोणतं धरायचं? त्याचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर चालणार आणि स्पर्धांचं वर्ष जुलै ते जून. मोसम दोन तुकड्यांत कापला गेला तर एकाच वर्षात दोन विद्यापीठांकडून खेळल्याचा ठपका कोणावर येईल? अभ्यासाचे नियम बदलणाऱ्यांनी खेळाचे नियम लिहिणाऱ्यांना शेजारी बसवायला हवं होतं. प्रवेश दोनदा आणि पात्रता एकदा, हा गोंधळ आणखी वाढेल. तो आत्ताच निस्तरला तर पाच-सहा ओळींचं परिपत्रक पुरेल. नंतर कोर्टकचेऱ्या होतील, अमेरिकेत झाल्या तशा.

दिल्लीचं दिल्लीत. आपल्या हातातलं तर आपण करू. धुळ्याच्या कॉलेजातून जळगावच्या कॉलेजात आलेला खेळाडू विद्यापीठ बदलत नाही. अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, पीआरएन तोच, पदवीवर नाव त्याच विद्यापीठाचं. ए.आय.यू.ची अट इथे लागूच होत नाही. प्रश्न राहतो तो आंतरमहाविद्यालयीन आणि आंतरविभागीय स्पर्धांचा: जळगाव, एरंडोल, धुळे, नंदुरबार हे आपले विभाग, आणि प्रत्येक विभागात कॉलेजांची आपापसांतली चुरस. धुळ्याकडून त्या वर्षी खेळलेल्याने जळगावच्या कॉलेजाकडून पुन्हा उतरू नये, हे योग्य. पण विद्यापीठाच्या संघाच्या निवड चाचणीला त्याला उभं राहू द्यायला काय हरकत आहे? ती जर्सी कॉलेजची नसते. मागच्या कॉलेजने एन्ट्री पाठवली नाही आणि नवं कॉलेज पाठवू शकत नाही, म्हणून चाचणीच चुकली, असं एकाही मुलाच्या बाबतीत होता कामा नये.

इथे कॉलेजांना दोन शब्द ऐकावे लागतील. सर्वसाधारण विजेतेपदासाठी शेजारच्या कॉलेजचा हुकमी खेळाडू जूनमध्ये गोड बोलून आणायचा, आणि आपला जाऊ लागला की टी.सी. अडवून ठेवायची. फीची थकबाकी दाखवायची, ट्रॅकसूट परत केला नाही म्हणायचं, प्राचार्य बाहेरगावी गेलेत म्हणायचं. मूळ कागदपत्रं अडवून ठेवू नयेत असं अनुदान आयोगाने 2018 मध्ये स्पष्ट बजावलं आहे. तरी पोरगा आठ आठ दिवस कार्यालयाच्या खिडकीशी उभा असतो. त्या खिडकीशी त्याचं सरावाचं अख्खं सत्र वाया जातं. एखाद्या कॉलेजने आमिष दाखवून मधेच खेळाडू आणल्याचं सिद्ध झालं तर त्या कॉलेजचे गुण कापा, एक वर्ष त्या खेळातून कॉलेजला बाहेर ठेवा. वीस वर्षांच्या मुलाला कशाला? त्याला हॉस्टेल हवं होतं, जेवण हवं होतं. ते देतो म्हणणाऱ्या मोठ्या माणसांना नियम पाठ होता, त्याला नव्हता.

तक्रार करायची म्हटली तर वाट आहे. अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे, तिच्यावर लोकपाल आहेत. समितीला कामकाजाचे 15 दिवस, लोकपालांना 30 दिवस. शुल्काच्या किंवा गुणपत्रिकेच्या तक्रारीला ही मुदत बरी आहे. खेळाडूला ती उपयोगाची नाही. विभागीय स्पर्धा चार-पाच दिवसांत आटोपते. निकाल हातात येईल तेव्हा संघ परत येऊन सत्कारही झालेला असेल. खेळातल्या पात्रतेचा निर्णय 48 ते 72 तासांत लागला पाहिजे, लेखी, कारणासह, सहीनिशी. 'फोनवर विचारलं, नाही म्हणाले' हा निर्णय नव्हे.

मोठ्यांच्या खेळात हे किती सोपं असतं ते 2025 मध्ये आपण पाहिलं. यशस्वी जयस्वालने एप्रिलमध्ये मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी ना हरकत पत्र मागितलं, त्याला ते मिळालं. मेमध्ये त्याने विचार बदलला, पत्र मागे घेतलं आणि मुंबईने त्याला पुन्हा आपला म्हटलं. त्याच वर्षी पृथ्वी शॉ मुंबईहून महाराष्ट्राकडे आला. ज्या संघटनेत जळगाव, धुळे, नंदुरबार येतात, त्याच महाराष्ट्राकडे. मोसम सुरू व्हायच्या आधी एक अर्ज, एक उत्तर, विषय संपला. कुस्तीतही तसंच. मोहोळचा सिकंदर शेख 2023 मध्ये वाशिमकडून उतरून महाराष्ट्र केसरी झाला. जिल्हा आधी ठरला, मग आखाडा. या दोघा क्रिकेटपटूंबद्दल किंवा सिकंदरबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्यांना मिळालेलं तत्पर उत्तर आमच्या खो-खोच्या मुलीलाही मिळावं, एवढीच मागणी आहे. तिच्या अर्जालाही तेवढंच वजन असलं पाहिजे.

खेळाडू खान्देश सोडून जातात याचं वाईट वाटून घेण्यातही अर्थ नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा विजय चौधरी 2014, 2015, 2016 असा लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. नंदुरबार जिल्ह्यातला किसन तडवी नाशिकला सराव करून लांब पल्ल्याचा धावपटू म्हणून नावारूपाला आला. चांगला प्रशिक्षक, चांगला ट्रॅक जिथे असेल तिथे पोरगं जाणारच, आणि गेलंच पाहिजे. त्याला अडवून आपलं मैदान सुधारत नाही. ते सुधारायचं तर जिल्हा क्रीडा संकुलात संध्याकाळी सातनंतरही दिवे लागले पाहिजेत, कॉलेजांमधली क्रीडा संचालकांची रिकामी पदं भरली पाहिजेत, तासिका तत्त्वावरच्या माणसाकडून पूर्ण संघाची अपेक्षा करणं थांबलं पाहिजे. पण तो वेगळ्या आठवड्याचा विषय.

आज एवढंच मागतो. 'एक वर्ष, एक विद्यापीठ' ही अट राहू द्या. तिच्या खाली अपवादांची एक ओळ लिहा: लग्न, घरातल्या कमावत्याचा मृत्यू किंवा स्थलांतर, अभ्यासक्रम बंद पडणं, छळाची तक्रार. अशा खेळाडूला दोन्ही विद्यापीठांची संमती घेऊन त्याच वर्षी नव्या विद्यापीठाकडून खेळता यावं, फक्त ज्या खेळात, ज्या स्पर्धेत जुनं विद्यापीठ अजून शर्यतीत आहे तिथे त्याच्याविरुद्ध नको. हा बदल ए.आय.यू.ने करायचा आहे, आणि तिथे तो मांडायचा हक्क प्रत्येक सदस्य विद्यापीठाला आहे. आपल्या विद्यापीठाने तो मांडावा. तीन जिल्ह्यांच्या लहान विद्यापीठाला नियमाची ढालही हवी आणि त्यातली फटही, हे आपल्याइतकं दुसरं कोण सांगणार?

विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाने मात्र दिल्लीची वाट बघू नये. कॉलेज बदललेल्या खेळाडूबद्दलचा नियम मराठीत, एका पानावर, जूनच्या प्रवेशाच्या फॉर्मबरोबर द्यावा. मुलगा सही करेल, बाप वाचेल. टी.सी.च्या अर्जावर एक चौकोन वाढवावा: 'विद्यार्थी चालू वर्षात विद्यापीठाकडून खेळला आहे काय?' उत्तर हो असेल तर क्रीडा संचालकांशी बोलल्याशिवाय टी.सी. निघू नये. अडवायला नव्हे, सांगायला. कारण आज निम्मी मुलं टी.सी. हातात घेतल्यावर पात्रतेची चौकशी करतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. पुष्कळदा टी.सी. काढायची गरजही नसते. दोन महिने थांबून, जुन्याच कॉलेजात सेमिस्टरची परीक्षा देऊन, सराव नव्या गावात करून वर्ष वाचवता येतं. हे त्यांना कोणीतरी वेळेवर सांगायला हवं.

विभागांच्या क्रीडा समित्यांच्या बैठका मोसमाआधी होतात. एन्ट्रीच्या तारखा, पंचांचं मानधन, यजमान कॉलेजं ठरतात. या वर्षीच्या विषयपत्रिकेवर हा विषय पहिल्या क्रमांकाला घ्या, आणि त्या बैठकीला दोन माजी खेळाडू मुलींना बोलवा, ज्यांचं टी.वाय.चं वर्ष असं गेलं. जळगाव, एरंडोल, धुळे, नंदुरबार, कुठल्याही विभागात त्या सापडतील.